शेंदऱ्याला शिळं पाणी

चूक माजी होती, हे आधीच सांगून टाकते. मागून ते दुसऱ्या कुनाच्या तोंडून ऐकायची मला सवय न्हाई.

मी छबुबाई. शिरूर कासारातून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. गावातल्या शेरडा-कोंबड्यांचं दुखलंखुपलं मी बगते. पशुसखी म्हणतेत आमाला. ट्रेनिंग झालंय, सर्टिफिकेट हाय, औषधाची पेटी हाय. शेळीला जंत झाले, बोकडाचं पोट फुगलं, कोंबडीनं मान टाकली, की बाया मला हाका मारतेत. माजं तोंड खराब हाय हे साऱ्या गावाला म्हाईत. पर शेळी वाचवायची तर तेच तोंड बगावं लागतं, करतेत काय!

त्या दिवशी हाक आली ती आप्पांची. आप्पाराव म्हंजी माजे चुलते, सत्तरी पार केलेले. आमच्यापसून दोन घरं पलीकडं राहतेत.

"छबे, ये गं पटकन. पाव्हण्याची तब्येत बिघडली."

"मानसाचं मी बगत न्हाई. जीपमधी घाला आन शिरूरला न्या."

"मानूस न्हवं गं! काचंतला पाव्हणा."

मग मला उमगलं. आप्पांचा धाकटा पोरगा राम पुण्यात रंगीत मासे इकायच्या दुकानात कामाला हाय. दिवाळीला आला तवा पुतणीसाठी पाण्यानं भरलेल्या पिशवीत एक जनावर घिऊन आलता. संगं काचंची पेटी आन माशाच्या खाद्याची डबी. जनावर बोटभर लांब. वरून काळं, खालून पोट शेंदरासारखं लालभडक, त्याच्यावर काळे ठिपके. चार पाय, चपटी शेपटी. पोरीनं नाव ठिवलं शेंदऱ्या.

गावात त्याच्यावर आठ दिवस चर्चा चाललती. कुनी म्हणलं पाल हाय, पानी इटाळतं. कुनी म्हणलं घोरपडीचं पिल्लू हाय, आप्पाला पोलीस धरून नेतील. शेजारची सारजाबाई तर म्हणली, मगर हाय ही, आज बोटाएवढी दिसतीय, उद्या म्हाताऱ्याला चपलांसकट गिळंल. आप्पांनी कुनाचंच मनावर घेतलं न्हाई. घरी आलेला जीव तो पाव्हणा, त्यांचा हिशेब एवढाच.

मी गेले तर राजनंदिनी पेटीपुढं उकिडवी बसलेली. ही आप्पांची नात, सहावीत हाय. हिचे आई-बाप, शिवकन्या आन गहिनीनाथ, उसाच्या तोडीला गेलेले. दरसाल जातेत. दरसाल नंदीला बी घिऊन जायचे, म्हंजी दिवाळीपसून गुढीपाडव्यापोतूर शाळेचं नाव न्हाई. ह्या साली पोरगी दाराला धरून बसली, मी न्हाई येत म्हणली, आन आप्पांनी तिची बाजू घेतली. म्हणून ती पहिल्यांदाच मागं राहिली होती.

"आत्या, हा खात न्हाई," नंदी म्हणली. तिचं तोंड एवढंसं झालतं.

मी पेटीत डोकावले. पाणी गढूळ, वास मारत होतं. माशाचं खाद्य तळाला कुजलेलं. मला गावातल्या धनश्रीच्या घरी जायचं होतं, तिची शेळी व्यायला अडली होती. दोन मिनिटं बगितलं आन उचलली जीभ लावली टाळ्याला.

"घाण पाण्यात कोन जगंल? रोज पाणी बदला. ताजं घाला. आन एवढंसं कावून घालता? काठोकाठ भरा."

"भरू की," आप्पा म्हणले. "पाण्याची काटकसर पाव्हण्यासंगं करायची न्हाई."

मी निघाले तवा नंदी दारापोतूर मागं आली आन हळूच म्हणली, "आत्या, मतदानापोतूर जगंल का वो हा?"

मतदानाचं काय मधीच, मला कळंना. मग तिनं सांगितलं.

संक्रांत झाल्यावर शिवकन्याचा फोन आलता. तिचं धाकटं पोरगं, आदिनाथ, आमी आद्या म्हणतो, दोन वर्षाचं. तोडीवर त्याला बगायला कुनी न्हाई. मागल्या साली नंदी बगायची. ह्या साली शिवकन्या त्याला कोपीपाशी बांधून ठेवायची. कोपी म्हंजी उसाच्या पाचटाचं खोपाट, त्यात राहतेत हे लोक. एक दिवस गाठ सुटली आन पोरगं पडत-धडपडत गेलं ते थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली. ड्रायव्हरनं खाली बगितलं म्हणून वाचलं. शिवकन्या फोनवर रडत होती. म्हणली, "ग्रामपंचायतीच्या मतदानाला मुकादमाची गाडी आमाला आणायला येणार हाय. तवा मी नंदीला घिऊन जाणार. शाळा पुढल्या साली बगू."

नंदीनं आप्पांच्या हातातला फोन हिसकावून घेतला म्हणं. मी हितं नीट राहते, आप्पाला भाकरी करून घालते, शेंदऱ्याला सांबाळते, मला नेऊ नको. शिवकन्या कावलेली. "बरं बाई! मी येस्तवर तुझं ते जनावर जित्तं दिसलं तर राहा. मेलं तर गपगुमान गाडीत बसायचं." तिनं म्हणलं ते पोरीचं तोंड बंद करायला. पर गहिनीनाथानं तिकडून ऐकलं आन तो म्हणला, ठरलं, शब्द म्हंजी शब्द. झालं! तवापसून पोरगी शाळेतून पळत येती आन पेटीपुढं बसती.

मतदानाला नऊ दिवस राहिले होते.

"जगंल की," मी म्हणले. "ताजं पाणी घाल, न जगायला काय झालं?"

आता मजा बगा. आमच्याकडं माघातच टँकर सुरू झाला होता. टँकर आला की बाया हंडे-कळश्या घिऊन तुटून पडतेत. आन त्या गर्दीत आप्पा काठी आपटत पुढं. "सरका! आधी पाव्हण्याचं!" पहिली कळशी शेंदऱ्याला. बाया हसायच्या, शिव्या घालायच्या, पर म्हाताऱ्याला वाट द्यायच्या. पेटी रोज धुवायची, रोज काठोकाठ भरायची. जनावर वर येऊन बाहेर पडायला बगायचं, तर आप्पांनी झाकण टाकून वर वीट ठिवली. "खुळं हाय ते. पाणी सोडून बाहेर उन्हात मरायला निघालंय."

चौथ्या दिवशी नंदी माज्या दारात उभी. रडली न्हवती, पर दफ्तर तिनं छातीशी असं धरलं होतं, की मला कळलं.

मी गेले. शेंदऱ्या वरच्या कोपऱ्यात काचंला चिकटून, नाकाचा शेंडा तेवढा झाकणाच्या फटीपाशी. अंगाची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. शेपटीवर पांढरा कापूस चिकटावा तसं काहीतरी धरलेलं. पाय लटलट करत होते. पकड सुटली की तळाला जायचं, मग पुन्हा धडपडत वर यायचं.

मला स्वतःचा असा राग आला! शेळी दाखवायला आणली तर मी अर्धा तास घालवते. डोळ्याच्या पापण्या बगते, लेंडी बगते, कानाला हात लावते, कुठं चरली ते इचारते. आन ह्या मुक्या जीवाला दोन मिनिटं दिले आन वरून हुकूम सोडला. का, तर ते बोटभर हाय म्हणून. मी म्हणलं, छबे, तू नुसती तोंडानं मोठी.

"नंदे, परात आण. त्यात थोडंच पाणी घे. आन माजे हात भिजव आधी."

"हात कावून भिजवायचे?"

"कोरड्या हातानं त्याची कातडी निघंल. बग तर कशी सुटलीय."

ओल्या हातानं त्याला उचलून परातीत घेतलं. आमी दोघी दारातल्या उजेडात बसलो. आप्पा वरून वाकून बगायले.

"नखं बग," मी म्हणले.

नंदीनं डोळे बारीक केले. "नखंच न्हाईत. पुढं चार बोटं हायत, मागं पाच."

"पालीला नखं असतेत. भिंतीवर खरखर वाजतेत. आन पालीच्या अंगावर खवले असतेत, ओला हात लाव, हितं हायत का?"

"गुळगुळीत हाय. ओलं."

"म्हंजी पाल न्हाई, घोरपड बी न्हाई. आता मासा म्हण. माशाला गालाशी कल्ले असतेत, उघडझाप करतेत. ह्याला?"

तिनं लई येळ बगितलं. मग म्हणली, "न्हाईत. हा गळ्याखाली धापा टाकतोय. आपल्यासारखी हवा घेतोय, आत्या." आन एकदम उठली, आत गेली, वही घिऊन आली. पोरीनं रोजचं लिहून ठिवलेलं. मी वाचायला लावलं. सोमवार, कोपऱ्यात उभा राहिला. मंगळवार, खाद्य खाल्लं नाही, आत मुंगी पडली ती खाल्ली. बुधवार, सारखा वर येतो, आप्पांनी वीट ठेवली. गुरुवार, टँकरचं नवीन पाणी घातलं की गोल गोल फिरतो, अंग घासतो.

सगळं त्यात होतं. मला नुसतं इचारायचं होतं तिला.

"आत्या," नंदी म्हणली, "आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाय. नखं न्हाईत, खवले न्हाईत, ओली कातडी. बेडकासारखं. पाण्यात बी राहतं आन जमिनीवर बी. त्याला उभयचर म्हणतेत."

मी चौथीत शाळा सोडली. सोडली म्हंजी सोडवली. माज्या धाकट्या भावाला सांबाळायला मला बी तोडीवर नेलं, एका सालासाठी म्हणून, आन मग ते एक साल कधी सरलंच न्हाई. आमच्यापोतूर उभयचर आलंच न्हवतं. म्हणून मी बेडकाच्या जातीच्या जनावराला माशासारखं बुडवून ठिवलं.

मी फोटो काढले. वरून एक, पोटाचा एक, शेपटीचा एक, आन नंदीचं म्हणणं संगं लिहून डॉक्टरांना पाठवले. डॉक्टर भागवत म्हंजी शिरूरच्या जनावराच्या दवाखान्यातले, तरणे हायत, पर गर्व न्हाई. लगेच फोन आला.

"छबुबाई, मी गाई-म्हशींचा माणूस. हे मी फक्त पुस्तकात बघितलंय. माझी एक मैत्रीण असल्या प्राण्यांचं काम करते, तिला विचारून सांगतो. तोवर सावलीत ठेवा, आणि नवीन पाणी घालू नका."

दोन तासांनी पुन्हा फोन. मी स्पीकर लावला, नंदी वही घिऊन बसली.

"तुमचं बरोबर निघालं. पाल नाही, मासा नाही, बेडकाच्या नात्यातलं आहे. त्याला न्यूट म्हणतात. लाल पोटाचं हे चीनकडचं, थंड ओढ्या-डबक्यातलं. आपल्याकडं ते नसतंच. म्हणून एक सांगतो, काहीही झालं तरी विहिरीत, तळ्यात सोडायचं नाही. आणि हात लावला की साबणानं धुवायचे, कातडीला थोडं विष असतं त्याच्या."

"आन झालंय काय त्याला?" मी इचारलं.

"तीन-चार गोष्टी एकदम. आपल्याकडची गरमी त्याला सोसत नाही. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती कातडीला झोंबते. माशाचं खाद्य तो खात नाही, त्याला जिवंत किडे-अळ्या लागतात. अशक्त झाला म्हणून शेपटीला बुरशी धरली. आणि मुख्य म्हणजे, त्याला पाण्याबाहेर बसायला जागाच नाही. तो रात्रंदिवस पोहतोय. छबुबाई, तुमचं जनावर पाण्यानं थकलंय."

फोन ठिवला. आप्पा भिंतीला टेकून खाली बसले.

"काय म्हणला त्यो? पाण्यानं?"

"व्हय."

"पाण्यानं थकलं?" त्यांनी पुन्हा इचारलं. "छबे, बहात्तर साली मी दोन बैल कोरड्या हौदापाशी मरताना बगितलेत. जिभा बाहेर. तवापसून ह्या दारातनं कुत्रं बी तहानलेलं गेलं न्हाई. आन मी ह्याला पाणी देऊ देऊ मारायलो व्हतो?"

आप्पांचे डोळे भरून आले. मला बी भरून आलं, पर मी रडले तर तिघं बी रडत बसू, म्हणून मी खेकसले, "अति तिथं माती, दुसरं काय! आन तुमाला सांगितलं कुनी? मीच ना? उठा आता. कामं लई हायत."

मग आमी पेटी रिकामी केली. अर्ध्याहून कमी भरायची, आत ओढ्यातला सपाट दगड ठेवायचा, त्याचा माथा पाण्याच्या वर. पावडरीचं पाणी चालत न्हाई, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, बादलीत उघडं दोन दिवस राहू द्या, मग घाला. तिथं आप्पा पुन्हा अडले.

"शिळं पाणी? पाव्हण्याला शिळं पाणी द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, पाव्हणा चीनचा हाय. तिकडं तशीच रीत हाय."

तसं शिळं पाणी तवा घरात न्हवतं. सारजाबाईच्या अंगणात टाकीत मागल्या टँकरचं होतं. जिनं मगर म्हणून नाव ठिवलं होतं, तीच दोन तांबे घिऊन आली. म्हणली, "घ्या, तुमच्या मगरीला."

गारव्याचं मी बगितलं. रांजणाला जसं ओलं पोतं गुंडाळतेत तसं पेटीच्या तिन्ही बाजूला ओलं पोतं लावलं आन पेटी रांजणाच्या शेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली. तिथली जमीन बाराही महिने थंड. नंदी मोरीच्या कडंला काडीनं उकरायला बसली. ओलसर जागंत बारके गांडूळ सापडतेत.

झाकण काढून त्याच्या जागी मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं. वीट फेकून दिली. शेंदऱ्याला पाण्यात सोडलं. तो दगडापाशी गेला. एक पाय वर ठिवला, मग दुसरा, मग पोट घासत सगळाच वर आला आन मान टेकवली. कितीतरी दिवसांनी ते जनावर नुसतं बसलं होतं.

"मेला का?" आप्पा घाबरले.

"निजलाय," नंदी म्हणली.

दोन दिवस त्यानं गांडुळाकडं बगितलं बी न्हाई. नंदी शाळेत जायची, यायची, पोतं भिजवायची. पांढरा कापूस तसाच. डॉक्टर रोज फोटो मागवायचे आन म्हणायचे, औषधाचं मग, आधी त्याला दम खाऊ द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी अशी किंचाळली की माज्या हातातला भाकरीचा गोळा पडला. पळत गेले. शेंदऱ्याच्या तोंडातून गांडुळाचं शेपूट लोंबत होतं आन तो डोळे मिटून ते गिळत होता. आप्पांनी काठी टाकली आन टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्यानं, गांडूळ गिळलं म्हणून टाळ्या पिटल्या!

मतदानाचा दिवस उजाडला. शाळेतच मतदान, म्हणून शाळेला सुट्टी. सकाळपसून जीपा यायल्या. तोडीवरचे लोक उतरायले, कुनी कर्नाटकातून, कुनी कोल्हापूरकडून. रात्रभर बसून अंग आंबलेलं. उमेदवार दारात हात जोडून उभे. एरवी ह्या लोकांना कुनी इचारत न्हाई, त्या दिवशी चहा बी मिळतो.

शिवकन्या आली ती आद्याला काखंत घिऊन. गहिनीनाथ मुकादमापाशी थांबला होता. मी आप्पांच्या ओसरीवर होते. नंदी गांडूळ आणायला मोरीकडं गेलती.

शिवकन्यानं चप्पल बी काढली न्हाई, सरळ रांजणापाशी गेली. पोतं बाजूला केलं. आत बगितलं. पेटीत इतभर बी पाणी न्हवतं. दगडावर शेंदऱ्या पाय पसरून पडलेला, हालचाल न्हाई.

"मेलं की," ती म्हणली. मग आप्पांकडं वळली. "एवढा टँकर येतोय गावात, आन त्याला घोटभर पाणी मिळालं न्हाई व्हय? पोरीनं असं सांबाळलं?"

मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नंदी आली. हातात नारळाची करवंटी. आईला बगून तिनं मिठी मारली न्हाई. आधी मच्छरदाणी सोडली, काडीनं एक गांडूळ उचललं आन शेंदऱ्याच्या नाकापुढं धरलं. आमी सगळे श्वास धरून. शेंदऱ्यानं मान वळवली. पुन्हा थांबला. आन खपकन धरलं.

"आई, त्याला पाणी कमी न्हाई पडलं," नंदी म्हणली. "त्याला लई झालं होतं. त्याला बाहेर बसायला जागा लागती. तो बेडकाच्या जातीचा हाय." आन शेपटी दाखवली. कापूस निम्मा गळला होता, खालून काळी नवी कातडी आलती.

शिवकन्या बगत राहिली. मग मटकन खाली बसली आन आद्याला मांडीवर घिऊन रडायला लागली. आनंदाचं रडणं वेगळं असतं, हे ते न्हवतं.

"काय झालं गं?" मी इचारलं.

"अक्का, मी रातभर गाडीत देवाला म्हणत आले, की ते मेलेलं असू दे." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोरीनं जीव लावून जगवलेलं, आन मी त्याच्या मरणाची वाट बगत होते. तिची शाळा सुटावी असं मला वाटतं व्हय? पर आता आद्याला मी कुनापाशी ठिवू? रोज सकाळी बांधते आन ऊस तोडताना दर पाच मिनिटाला मान वर करून बगते. तोडणी कमी भरती म्हणून मुकादम बोलतो. माजं काळीज फाटून जातं, अक्का."

नंदी करवंटी धरून उभी होती. तिनं खाली ठिवली आन आईच्या शेजारी बसली. "मी येते," ती म्हणली. एवढंच. जिंकलेली पोरगी, आन म्हणती काय, मी येते.

आद्या तेवढ्यात मांडीवरनं उतरला आन माज्याकडं दुडदुडत आला. अंगात आखूड झबलं. मी सवयीनं त्याला उचललं, सवयीनंच बगितलं. डोळे साफ. पोट जरा मोठं, जंत असतील. आन कमरंभोवती कातडीवर वळ. बांधलेल्या दाव्याचा. शेरडाच्या गळ्याला पडतो तसा. माज्या भावाच्या कमरंला पडू नये म्हणूनच मला शाळेतून काढलं होतं, पन्नास वर्सामागं. मला तवा कुनी इचारलं न्हवतं, आन माजी आई बी अशीच रडली असंल, मी बगितलं न्हाई.

"ह्याला हितं ठिव," मी म्हणले.

"कुठं?"

"माज्याकडं. पाडव्यापोतूर. घरात मला आडवायला कुनी न्हाई. नवरा गेला त्याला बारा वर्सं झाले, शेरडंच हायत. त्यात आनखी एक."

"अक्का, तुमी?" शिवकन्या रडता रडता थांबली. माज्या तोंडाची धास्ती तिला बी हाय.

"माजं तोंड खराब हाय, हात न्हाई. नंदी शाळेत असंल तवा मी बगते, शाळेतून आली की ती बगंल. आप्पा हायतच. कोपीपाशी बांधून कावून ठिवते, हितं सपाट जमीन हाय आन ट्रॅक्टर न्हाई."

आप्पांनी खाकरून गळा साफ केला. "पोरी, इचार कर. ह्याच बाईनं पाव्हण्याला काठोकाठ भरायला सांगितलं होतं."

"तुमी भरलं!" मी ओरडले.

शिवकन्या हसली. नाक लाल, डोळे लाल, आन हसली. मग तिनं आद्याला माज्याकडनं घेतलं आन त्याच्या केसातून हात फिरवत राहिली. बोटाला मतदानाची शाई लागायची होती आजून. दोन वर्साचं लेकरू दुसऱ्याच्या पदरात टाकून जायचं, ते काय सोपं असतं व्हय?

नंदी उठली. वही आणली, शेंदऱ्याचीच. नवीन पान काढलं आन वर लिहिलं, आदिनाथ. "आई, सांग. सकाळी काय खातो?"

शिवकन्या सांगायला लागली. दुधात भाकरी कुस्करून. तिखट न्हाई. रात्री कूस बदलली की थोपटायचं, न्हाईतर उठतो. विहिरीकडं, चुलीकडं जाऊ द्यायचं न्हाई. कुत्र्याला भीत न्हाई, म्हणून कुत्र्यापसून जपायचं. नंदी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं वही माज्या हातात दिली आन म्हणली, "आत्या, आधी नीट बगा ह्याला. दोन मिनिटं न्हाई."

तसं बोलायचा तिचा हक्कच होता.

दुपारी मतदान झालं आन गाडीचा हॉर्न वाजायला लागला. जाताना आद्या झोपलेला होता, शिवकन्यानं मुद्दाम तो झोपेपोतूर गाडी थांबवली. माज्या ओसरीवर आली, पिशवी उघडली आन आतून सुती दावं काढलं. वापरून वापरून मऊ झालेलं. मधे पोराला टोचू नये म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी शिवलेली.

"घ्या अक्का," ती म्हणली. "शेरडाला व्हईल."

मी घेतलं. आता पाडवा होऊन गेला, आद्या तिच्या काखंत परत गेला, शेंदऱ्या आजून दगडावर बसतोय आन नंदी सातवीत गेली. माज्याकडं सहा शेळ्या हायत आन दाव्यांची कायम बोंब असती. पर ते दावं खुंटीलाच हाय, मी त्यानं एक बी शेरडू बांधलं न्हाई.